दारामागचे बारा शब्द

मी एक जुनं सागवानी दार आहे. मित्रांनो, सिंदी रेल्वे गावच्या कवडू मिस्त्रीनं मला घडवलं, तेव्हा मी रंध्याखाली असा काही आडमुठेपणा केला की त्यानं दोनदा कपाळाला हात लावला. सेवाग्रामजवळच्या एका वस्तीत, प्रेमदासच्या घराला मी बसलो. त्याला आता तीस वर्षं झाली. अजून बिजागरी कुरकुरत नाही, एवढा अभिमान मला आहेच.

आमच्या घराची रीत साधी होती. सकाळी मला उघडायचं आणि भिंतीला टेकवून ठेवायचं, ते अंधार पडेपर्यंत. येणारा-जाणारा ‘जयभीम’ म्हणत आत यायचा आणि प्रेमदासची बायको सुलोचनाबाई आधी पाण्याचा गडवा पुढे करायची, मग चौकशी. माझी आतली बाजू दिवसभर भिंतीकडे असायची. त्या बाजूवर प्रेमदास लिहायचा. लाइनमनचा नंबर, गॅसची टाकी लागल्याची तारीख, लेकीचे, काजलचे, दहावीचे टक्के. तो दवाखान्याच्या औषधगोदामात कामाला होता. खोक्यांवर नावं लिहून लिहून त्याचं अक्षर छापल्यासारखं झालं होतं. माझ्यावर असं अक्षर उमटायचं, तर मी का नाही मिरवणार?

प्रेमदास निवृत्त झाला आणि चार लाख रुपये हाती आले. ते काजलच्या नर्सिंगसाठी ठेवायचे, हे ठरलेलंच होतं. काजल लहानपणापासून बाहुलीला सलाइन लावायची. तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

तेवढ्यात नागपूरहून रुपेश आला. हा प्रेमदासचा भाचा. मोबाइल काढून बसला तो बसलाच.

“मामा, बँकेत पैसे झोपून राह्यतेत. हे मोबाइलवरचं डिजिटल नाणं पाहा. याची वही हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी लिहिल्या जाते. एकानं खोटं लिहिलं त बाकीचे लगेच पकडतेत. हे कुलूप जगात कोणाच्या बापाले तुटत नाई.”

“हातात धराले येत नाई, ते काय नाणं?” सुलोचनाबाई म्हणाली.

“मामी, तुमचं आपलं काईतरीच!”

खरं सांगतो, रुपेश लबाड नव्हता. स्वतःचेही पैसे त्यानं त्यातच घातले होते. प्रेमदासनं चारही लाख त्यात टाकले. त्यानं मोबाइलवर आलेले बारा इंग्रजी शब्द दाखवले. हीच किल्ली, म्हणाला. ज्याच्याकडे हे बारा शब्द, त्याचे पैसे. मोबाइलमध्ये ठेवू नका, कोणाला दाखवू नका, कुठंतरी लिहून ठेवा. सुलोचनाबाईनं अर्थ विचारला. नदी, लिंबू, माकड, छत्री, बटाटा... ती हसून हसून बेजार झाली. “ही काय बाजाराची यादी व्हय?”

“कागद उंदरं कुरतडते,” प्रेमदास म्हणाला. “दारावरच लिहितो. दार काई हरवते का?”

आणि त्यानं ते बारा शब्द माझ्यावर लिहिले, ठळक आणि सुवाच्य. मी फुगून गेलो होतो, मित्रांनो. अख्ख्या घराची किल्ली माझ्या पाठीवर!

सहा महिन्यांत चाराचे साडेपाच लाख दिसू लागले. वस्तीतले लोक प्रेमदासला सल्ला विचारू लागले. मग काजलला कॉलेजात जागा मिळाली. बारा शब्दांच्या खाली प्रेमदासनं लिहिलं, ‘काजल फी, २८ तारीख’.

“अवो, आताच काढून घ्या ना पैसे,” सुलोचनाबाई म्हणाली.

“भाव चढून राह्यला मामी. सत्तावीसले काढू. चार दिवसांत काय होते?” रुपेश म्हणाला. प्रेमदासनंही मान डोलावली.

चोवीस तारखेला पेढे आले. काजलनं आईची निळी साडी नेसली, कॉलेजचं पत्र हातात धरलं. रुपेशनं मोबाइल रोखला आणि म्हणाला, “उजेड मागून येऊन राह्यला. मामी, दार लोटा ना.”

सुलोचनाबाईनं मला लोटलं. इतक्या वर्षांत भर दुपारी मी पहिल्यांदा बंद झालो. माझ्यापुढे काजल उभी राहिली. तिच्या खांद्याशेजारी ते बारा शब्द होते आणि ते एकाच्याही ध्यानात आले नाहीत. मला दिसत होतं. ओरडायला तोंड कुठून आणू?

रुपेशनं तो फोटो नाणेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. सातशे अनोळखी माणसं होती त्यात. वर लिहिलं, ‘आमच्या नाण्यानं मामाची पोरगी नर्स होऊन राह्यली. तुम्ही कधी येता?’

सव्वीस तारखेला त्यानं खातं उघडलं, तर शून्य.

“काजल, ते... ते पैसे गेले,” रुपेश म्हणाला.

“कुठं गेले, ते दिसते का?” तिनं विचारलं.

“दिसते. सारं दिसते. कोणाकडं गेले, तेवढंच नाई दिसत.”

“मंग परत मागाले कोणाकडं जायचं?”

“कोणाकडंच नाई. इथं मॅनेजरच नाई. म्हणून तर चांगलं म्हणत होतो.”

पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली. पण अठ्ठावीस तारीख थांबली नाही. काजलची जागा दुसऱ्या मुलीला गेली. ती आता वर्ध्याला कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते. रुपेश पुन्हा आला नाही आणि त्याला कोणी बोलावलंही नाही.

मित्रांनो, ते कुलूप खरंच कोणी तोडलं नाही. रुपेश खोटं बोलला नव्हता. पण किल्ली माझ्या पाठीवर होती आणि मला भर दुपारी साऱ्या जगासमोर उभं केलं गेलं. कुलपाची जाहिरात करणारे खूप भेटतील तुम्हाला. किल्ली कुठं ठेवली, फोटोत मागं काय दिसतं, हे तुमचं तुम्हालाच पाहावं लागेल. आणि पैसे बुडाले तर भरपाई कोण देणार, हे पैसे टाकायच्या आधी विचारा.

एके सकाळी प्रेमदास पॉलिश पेपर घेऊन माझ्यासमोर बसला. घासताना तो रडत होता. बाराच्या बारा शब्द त्यानं माझ्या सालीसकट काढले. खालच्या ‘काजल फी’च्या ओळीवर त्याचा हात थांबला, तो उठून निघून गेला.

आता सुलोचनाबाई मला दिवसाही कडी लावते. पाणी मागायला कोणी येत नाही. दुकानातून आल्यावर काजल माझ्याकडे तोंड करून जेवायला बसते. तिच्या डोळ्यांसमोर ती ओळ तशीच असते, बापाच्या सुंदर अक्षरात. मला हात नाहीत, मित्रांनो. तुमच्यापैकी कोणी कधी आमच्या घरी आलंच, तर पाणी नंतर मागा, आधी तेवढी ओळ पुसा.