चुलीवरच्या फोटोचं गोड तोंड

फंग दाश्वान घरात शिरला आणि त्याला वाटलं, आज अध्यक्ष जरा जास्तच खुशीत दिसतायत.

चुलीवरच्या भिंतीला चिकटवलेला, गालांवर गुलाबी रंग मारलेला अध्यक्ष माओंचा फोटो. गावात घरोघरी होता तसाच. पण आज ओठ चमकत होते. नुकतंच डुकराचं मटण चापून उठल्यासारखे.

दाश्वान गावच्या टोफूच्या शेडवर कामाला. वय पन्नाशीचं, खोड्या मात्र पंधराच्या. त्यानं जवळ जाऊन बोट लावलं. बोट चिकटलं.

"आई! हे काय केलंस?"

"काय केलं? आज तेवीस ना." आई चुलीच्या उबेनं तापलेल्या, झोपायच्या ओट्यावर मांडीत वाटी घेऊन बसली होती. वाटीत काडी, काडीला मोड आलेल्या जवाचा चिकट पाक.

बाराव्या महिन्याची तेवीस म्हणजे चूलदेव वर जायचा दिवस. वर्षभर चुलीवर बसून कोण काय बोललं, कुणी काय चोरून खाल्लं ते बघायचं आणि या दिवशी स्वर्गात जाऊन सांगायचं, ही त्याची नोकरी. म्हणून तो निघायच्या आधी त्याच्या तोंडाला पाक फासायचा. बोलला तर गोड बोलेल, नाहीतर दात चिकटून गप्प बसेल. पण जुनं ते सगळं मोडून टाका असा हुकूम सुटला, तेव्हा दंडाला लाल पट्टी बांधलेल्या पोरांनी चूलदेवाला भिंतीवरून खरवडून चौकात जाळला. रिकाम्या जागी अध्यक्ष आले.

"अगं, हा तो नाहीये!"

"मला दिसतं कमी, कळतं कमी नाही," आई म्हणाली. "हा अध्यक्ष. मग? सकाळी उठून याच्यापुढे उभं राहायचं, आज काय करू विचारायचं. रात्री दिवसभराचं सगळं यालाच सांगायचं. हे कुणी शिकवलं मला? तूच ना? मग एवढं ऐकलेलं हा पोटात ठेवणाराय होय?"

दाश्वानला राहवेना. त्यानं हळूच विचारलं, "तू काय काय सांगितलंस त्याला?"

"खरं तेच. दाश्वान शेडवरचं सोयाचं दूध ढोसतो. दाश्वाननं गावच्या पार्टी सेक्रेटरीच्या सायकलची हवा सोडली. दाश्वान सभेत घोषणा देत नाही, नुसतं तोंड हलवतो."

"आई!"

"म्हणून तर पाक जरा जाडच लावला."

दाश्वानला हसू फुटत होतं, पण ही हसायची वेळ नव्हती. कारण बरोबर आजच्याच दिवशी घरोघर तपासणी होती. कुणी चोरून चूलदेव पुजतंय का ते बघायला महिला मंडळाची दिंग श्युएमेइ दोन पट्टीवाल्या पोरांना घेऊन फिरत होती. मागच्या महिन्यात पलीकडच्या आळीतल्या लू म्हातारीकडे उदबत्तीची राख सापडली, तर तिला कागदाची उंच टोपी घालून चौकात बाकावर उभी केली होती. दिवसभर, बर्फात. इथं तर थेट अध्यक्षांना पाक! आणि आईचे पाय लहानपणी बांधून बांधून मुठीएवढे केलेले. ती बाकावर घटकाभरही टिकली नसती.

त्यानं फडकं ओलं करून आधी फोटोच्या कॉलरवर लावून बघितलं. फडक्याला रंग आला. म्हणजे ओठ पुसले तर ओठच जाणार, आणि बिनओठाचे अध्यक्ष हा पाकापेक्षा मोठा गुन्हा. फोटो फाडणं तर विचारातसुद्धा नको. वर कापड टाकावं? म्हणजे अध्यक्षांना अंधारात ठेवलं! नखानं खरवडायला गेला तर कागद उचलायला लागला.

फाटकापाशी दिंगचा आवाज आला. "दाश्वानभाऊ, आहात का?"

जवळ एकच हत्यार उरलं होतं. दाश्वान चुलीच्या कट्ट्यावर चढला, डोळे मिटले आणि अध्यक्षांचे ओठ चाटायला लागला.

पाक चांगला झाला होता, हेही त्याच्या लक्षात आलं.

"काय चाललंय?" दिंग दारात उभी होती. मागे दोन्ही पोरं, माना उंच करून.

दाश्वान वळला. ओठ सुटताना टच् असा आवाज झाला.

"प्रेम," तो म्हणाला.

"काय?"

"अनावर झालं, ताई. लांबून किती दिवस मुजरे करायचे?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातला तिएनीऊ म्हणून जो धिप्पाड होता, त्याचा हात खिशातल्या अध्यक्षांच्या वचनांच्या लाल पुस्तकाकडे गेला आणि तिथंच घुटमळला. यावर पुस्तकात काय लिहिलंय ते त्याला आठवेना.

चार घरं पलीकडे कुणी अंडं तळलं तर हिच्या नाकाला कळतं, अशी दिंगची ख्याती. तिनं फोटोकडे बघितलं. तोंडाची एक बाजू अजून चमकत होती. मग ओट्यावरच्या म्हातारीकडे बघितलं. वाटी तशीच मांडीत. लपवायचं असतं हे म्हातारीच्या गावीही नव्हतं.

"शिकण्यासारखं आहे," दिंग म्हणाली. "सरका."

ती कट्ट्यावर चढली.

"श्युएमेइ, तोंड धुतलंस ना गं सकाळी?" आईनं विचारलं.

दिंगनं ओठ टेकले. दाश्वानला तिचं तोंड दिसेना, नुसता अंबाडा दिसत होता. तो हलेना. मग ती उतरली. जबडा एकदा फिरला. दोनदा फिरला. दाश्वानच्या डोळ्यांपुढे कागदाची टोपी नाचायला लागली.

"तिएनीऊ," ती म्हणाली, "आता तू."

"मी, काकू?"

"का? प्रेम नाही?"

तिएनीऊ लाजत लाजत चढला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. शेवटी दिंगनं त्याला कोटाला धरून मागं ओढला.

"काकू, माझं अजून थोडं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"प्रेम."

"दुसऱ्याला पण करू दे!"

दुसऱ्यानं जिभेनं कोपरेसुद्धा सोडले नाहीत. तो उतरला तेव्हा अध्यक्ष पूर्वीसारखे झाले होते. ओठ जरा फिकट आणि ओलसर, एवढंच.

"या घरात काही सापडलं नाही," दिंगनं जाहीर केलं आणि पोरांना अंगणात पिटाळलं. मग म्हातारीपाशी येऊन हळूच म्हणाली, "मावशी, जवाला मोड टोपलीत आणता का गादीखाली?"

"गादीखाली. ऊब लागते."

"तरीच," असं म्हणून ती निघून गेली.

दाश्वाननं बाहीनं ओठ पुसले. आई मात्र रागावली होती. "सगळं चाटून नेलं मेल्यांनी! आता हा वर जाऊन नको नको ते बोलणार."

"बोलू दे," दाश्वान म्हणाला. एवढ्यात शेजारून दिंगचा आवाज ऐकू आला. गाओचं घर. परवाच्या सभेत चूलदेवाला सगळ्यात मोठ्यानं शिव्या घालणारा गाओ. "गाओभाऊ, घाबरताय काय? पोरं फक्त प्रेम करतील!"

आता दाश्वानला कुठला धीर! अंगणात धावला, टोपली उपडी करून तिच्यावर चढला आणि भिंतीवरून डोकावला.

"काय दिसतंय रे?" आतून आई ओरडली.

"तिएनीऊची पाठ."

"काय करतोय?"

"वाकलाय. अजून सरळ झाला नाही."

"गाओची बायको पाक दाट करते," आई म्हणाली. "वेळ लागेल त्याला."