पाणबुडी ऐकणारे कान

हंबीररावांनी नौदलाच्या हेलिकॉप्टरमध्ये बसून बावीस वर्षं समुद्र ऐकला. हेलिकॉप्टर लाटांच्या वर स्थिर ठेवायचं, केबलला बांधलेला, आवाज टिपणारा गोळा पाण्यात सोडायचा आणि हेडफोन लावून खालची पाणबुडी ओळखायची, हे त्यांचं काम. त्र्याण्णवला निवृत्त होऊन ते कोल्हापुरात आले. त्यानंतरच्या दहा वर्षांत गल्लीतल्या प्रत्येकाने त्यांच्या तोंडून ती पाणबुडी चारचारदा ऐकली. शत्रूची म्हणावी अशी एकही कधी सापडली नव्हती, हे फक्त त्यांच्या सुनेच्या, वर्षाराणीच्या ध्यानात आलं होतं.

आता तिला त्याच कानांचा घोर लागला होता. सोमवारी गारगोटीच्या शाळेत तिची मुलाखत. प्रेरणा आठ महिन्यांची, नवरा पृथ्वीराज शिरोलीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, घरात दुसरं कोणी नाही.

"आबा हाईत की," पृथ्वीराज म्हणाला. "समुद्राच्या तळाचं ऐकणारा माणूस. पोरीचं रडणं ऐकणार न्हाय व्हय?"

शनिवारी तिने आबांच्या पाठीमागे ताट दाणकन आपटलं. आबांनी शांतपणे पेपरचं पान उलटलं. ती ताट उचलून समोर आली.

"ऐकलंत?"

"ऐकलं की! ताट पडलं न्हवं?" ताटाकडे बघत आबा म्हणाले.

रविवारी आबांचे मित्र केरबा चहाला आले. सून स्वयंपाकघरात आहे अशा समजुतीने आबा खुलले.

"दरवर्षी कान तपासायचे, केरबा. कानात टूं वाजलं की बटण दाबायचं. शेवटची सहा वर्षं मला टूं न्हाय का टां न्हाय! इंजनानं कान खाल्लेलं. पर तपासणारा आवाज सोडताना भुवई उडवायचा. भुवई उडाली की दाबलं बटण. दरसाली पास!"

"आयला! म्हंजे सहा वर्षं देश भुवईवर चाललावता म्हणा की!"

दोघं चहा सांडेस्तोवर हसले. दारातच बिस्किटांची बशी घेऊन उभ्या असलेल्या वर्षाराणीला मात्र हसू फुटेना. म्हणजे हा माणूस सोळा वर्षं घरादाराला नुसतं बघून उत्तरं देत होता.

रात्रभर विचार करून सोमवारी सकाळी तिने पाळणा ओढत आबांच्या खुर्चीसमोर आणला. दोघांत हातभर अंतर. मग समोर उभी राहून, आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवले.

"आबा, मी निघाले. पोरीवरची नजर काढायची नाही. पेपर वाचायचा नाही."

"वराडतीस कशाला?" आबा गरजले. "भैरा हाय का मी?"

पण त्यांनी पेपरची घडी घातली आणि त्या घडीवर बसून खुर्ची आणखी पुढे सरकवली.

वर्षाराणीने चप्पल घातली, बाहेर आली आणि न राहवून खिडकीतून डोकावली. प्रेरणाचा खालचा ओठ नुकता कुठे बाहेर आला होता. आवाज फुटायचा होता. तोवर आबांनी तिला उचलून खांद्याला लावलंसुद्धा.

ती गारगोटीच्या गाडीसाठी पळत सुटली.