होड्या पाण्यात घालायचा रविवार

धरणाचा सांडवा वाहायला लागला की नागसेन दांडगे यांचं वर्ष सुरू व्हायचं. धावड्यात लोकांची वर्षं पेरणीवर नाहीतर मिरचीच्या भावावर चालतात, यांचं पाण्याच्या पातळीवर चालायचं. बावीस वर्षं नौदलात काढून ते गावी आले, तेव्हा लोक हसले होते. समुद्रावरून आलेला माणूस इथं डोंगराच्या पायथ्याशी काय करणार? त्यांनी धरणाच्या काठावर पत्र्याची शेड उभी केली, पहिली शिडाची होडी स्वतःच्या हातानं बांधली आणि शाळेतल्या पोरांना शनिवार-रविवार पाण्यावर न्यायला सुरुवात केली. त्याला आता तेरा वर्षं झाली. होड्या तीन झाल्या होत्या. पूर्णा, जुई आणि रायघोळ, तिन्हींना तालुक्यातल्या नद्यांची नावं.

पहिल्या वर्षी आलेल्या पोरांत एकच मुलगी होती, दैवशाला. पिंपळगाव रेणुकाईची, सोळा वर्षांची, पोहायला येत नसताना आलेली. घरच्यांचा विरोध होता. नागसेननी तिच्या वडिलांना स्वतः जाऊन समजावलं, तिला पोहायला शिकवलं, मग सुकाणू धरायला. आता ती एकोणतीस वर्षांची होती, जवळच्याच शाळेत खेळाची शिक्षिका होती, आणि होड्यांच्या या मंडळात नागसेन यांच्या खालोखाल तिचाच शब्द चालायचा. ती त्यांना काका म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. "माझ्यामागं हे सगळं दैवशालाच पाहील," असं ते चारचौघांत बोलून दाखवायचे.

यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी दोघांनी शेड उघडली. होड्या सहा महिने जुन्या टायरांवर पालथ्या पडलेल्या. जुईच्या पोटात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. धूर करून ते काढलं, होड्या धुतल्या आणि मग पत्र्याच्या तुकड्यांनी जुना रंग खरवडायला बसले. सोयाबीन काढणीवर आलेलं, त्यामुळे पोरं एखाद-दुसरा तास यायची आणि पळायची. काम खरं दोघांचंच.

दैवशालानं यंदा फार प्रश्न विचारले.

"काका, डोलकाठीच्या तारा किती ताणायच्या? तुम्ही नुसतं बोटानं वाजवून बघता, मला कळंना."

"वाजव. भांड्यावर चमचा मारल्यासारखा आवाज आला की बस. त्याच्यावर गेली तं काठी वाकती."

ती मोबाईलमध्ये लिहून घ्यायची. फायबरला ठिगळ लावताना रसायन किती मिसळायचं, शिडाला टाका कुठं दुहेरी घालायचा, होडी पाण्यात घालण्याआधी आत पाणी भरून कुठून ठिबकतं ते कसं बघायचं, सगळं. नागसेन सुखावले. रात्री जेवताना बायकोला म्हणाले, "पोरीनं यंदा बराबर मनावर घेतलंय."

बेबीनंदा शिवणयंत्रावर पूर्णाचं फाटलेलं शीड शिवत होती. दरवर्षीची शिडं तीच शिवायची. "तुमच्या वयाचा विचार करून घेतलं आसंल," ती म्हणाली, आणि पायानं यंत्र पुढं रेटलं.

एक गोष्ट बेबीनंदाला माहीत नव्हती. ती फक्त दैवशालाला माहीत होती.

फेब्रुवारीत, हंगामाच्या शेवटी, जुईवर नागसेन सुकाणू धरून बसले होते आणि पुढं मीना नावाची सातवीतली मुलगी होती. डावीकडून पूर्णा आली. सगळ्यांना दिसली, त्यांना दिसली नाही. होड्या आदळल्या, मीना पाण्यात पडली. अंगात जाकीट होतं, अर्ध्या मिनिटात तिला वर काढलं, गुडघा तेवढा सोलला. "वारा फिरला एकदम," नागसेननी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मानलं. पण शिडं गुंडाळताना दैवशाला एकटी होती, आणि त्यांच्यानं राहवलं नाही.

"वारा न्हाई फिरला, दैवशाला. मला डाव्या डोळ्यानं दिसंनासं झालंय. पेन्शनच्या कामाला चाल्लो म्हणून जालन्याला गेल्तो, तिथं डॉक्टरला दाखवलं. काचबिंदू म्हणते. गेलेली नजर परत येत न्हाई, उजवी तेवढी थेंबं टाकून सांभाळायची. कोणाला बोलू नको. तुझ्या काकूला बी न्हाई."

तिनं मान हलवली होती. थेंबांची बाटली त्यांच्या अवजारांच्या पेटीत लपवलेली राहायची, आणि कधी ते विसरले तर तीच आठवण करायची.

चार शनिवार-रविवार गेले. तिन्ही होड्यांना निळा रंग चढला, नावं पांढऱ्या अक्षरांत नव्यानं लिहिली, दोऱ्या तपासून कुजक्या काढून टाकल्या, जाकिटं उन्हात पडली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी होड्या पाण्यात घालायच्या ठरलं.

त्या दिवशी सकाळी काठावर वीस-पंचवीस पोरं, काहींचे आईवडील, शाळेचे मुख्याध्यापक आणि धरणाच्या ज्या कार्यालयाकडून मंडळाला दरवर्षी परवानगी मिळायची तिथले साहेब, असे सगळे जमले. नागसेननी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पोरांनी होड्या ढकलत पाण्यापर्यंत आणल्या. नारळ त्यांच्या हातात होता.

साहेबांनी आधी दोन शब्द बोलतो म्हटलं. काकांच्या कामाचं कौतुक केलं, तेरा वर्षं म्हणजे थोडी नाहीत असं म्हटलं, आणि मग म्हणाले, "यंदाची परवानगी आपण दिलेलीच आहे. फक्त सुरक्षेच्या कारणानं या वर्षीपासून प्रमुख मार्गदर्शक म्हणून दैवशाला मॅडम काम बघतील. दांडगे काकांनी काठावरून आशीर्वाद द्यावेत."

कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली आणि थांबलं.

"सुरक्षेचं कारण म्हंजे काय?" नागसेननी विचारलं.

साहेब अवघडले. "आपल्याशी बोलणं झालंय असं मॅडम म्हणाल्या होत्या."

"माझ्याशी कोणी बोललं न्हाई. कारण काय ते सांगा."

साहेबांनी फाईलमधून एक कागद काढून दिला. त्यांना वाटलं असावं की वाचून माणूस शांत होईल. नागसेननी नारळ खाली ठेवला, चष्मा काढला, कागद उजव्या डोळ्याजवळ नेला आणि मान तिरपी करून वाचायला लागले. सगळे बघत होते. अक्षर दैवशालाचं होतं, गोल आणि टापटीप, तेरा वर्षं ओळखीचं. फेब्रुवारीत झालेला अपघात वाऱ्यामुळे नव्हता असं तिनं लिहिलं होतं. मीनाचं नाव होतं. आणि खाली: "डाव्या बाजूचे त्यांना दिसत नाही, हे त्यांनी स्वतः मला सांगितले आहे."

तारीख चार सप्टेंबरची. शेड उघडायच्या आधीची.

त्यांनी कागद घडी करून साहेबांना परत दिला. दैवशालाकडं बघितलं. ती रायघोळची दोरी धरून पाण्यात गुडघाभर उभी होती, आणि तिनं मान खाली घातली नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

मीनाची आई तुळजाबाई पोरांच्या मागं उभी होती. ती पुढं आली. "काका, खरं हाय का हे? तुम्हाला दिसत नव्हतं अन् माझी लेक तुमच्या होडीत होती?"

"खरं हाय, बाई," नागसेन म्हणाले. "माझं चुकलं." आणि ते बांधावरून गावाच्या दिशेनं चालायला लागले.

शंभर पावलं गेले असतील. मागून कोणीतरी धावत आलं आणि बोलायला लागलं. दैवशालाचा आवाज होता, पण ती त्यांना दिसत नव्हती.

"उजवीकडून ये," ते न थांबता म्हणाले. "बोलायचं तं मला दिसशील असं बोल."

ती वळसा घालून आली. सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली. "काका, पोरांसाठी केलं. मीनाला काही झालं असतं तर?"

"मला सांगायचं. मी उतरलो असतो."

"सांगितलं की. जूनमध्ये मी म्हटलं, यंदा काका तुम्ही काठावरून शिकवा. तुम्ही हसलात. म्हणलात, समुद्रात बावीस वर्षं काढली, या डबक्यात काय होतंय."

ते त्यांना आठवलं. तसंच म्हणाले होते.

"एकदा म्हणली. दुसऱ्यांदा म्हणायची. भांडायचं. काकूला सांगायचं. मंडळ सोडते म्हणायचं. तू कागद लिहिला अन् मंग चार आठवडे माझ्याशेजारी बसून रंग खरवडला. काका तारा कशा ताणायच्या, काका रसायन किती टाकायचं. मी शिकवून राह्यलो अन् तू मला उतरवून बसलेली."

"होड्या तर तयार कराव्याच लागणार होत्या," ती म्हणाली. मग तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण तिचा आवाज फुटला. "अन् तुमच्याशिवाय ते कोणाला येतं, काका?"

"आता तुला येतं की," ते म्हणाले.

ती थांबली. ते चालत राहिले. मागं काठावर बराच वेळ काही हललं नाही, मग पोरांचा गलका झाला. पहिली होडी पाण्यात गेली असावी. त्यांनी वळून बघितलं नाही.

घरी बेबीनंदा दारात मिरच्या निवडत बसली होती. दुपारी दीडला येणारा माणूस साडेदहाला आलेला बघून ती उठली. "काय झालं? पडलं का कोणी?"

नागसेन खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. साहेब, कागद, दैवशाला, बांधावरचं बोलणं. सांगताना त्यांचा संताप वाढत गेला. ज्या पोरीला पोहायला शिकवलं, ज्या पोरीपुढं मन मोकळं केलं, तिनं तेच उचलून कागदावर मांडलं. "विश्वासानं सांगितलं होतं गं मी. एकट्या तिला."

बेबीनंदानं सूप बाजूला ठेवलं.

"फेब्रुवारीपासून?" तिनं विचारलं.

"हां."

"म्हंजे आठ महिने. अन् ते जालन्याला गेल्ते पेन्शनसाठी, ते?"

"डोळ्याच्या डॉक्टरकडं."

"मी डाव्या अंगाला चहा ठेवायची अन् तुमच्या हातानं सांडायचा," ती म्हणाली. "मी बोलायची अन् तुम्ही बघत नव्हते. मला वाटलं, आता म्हातारपणी माझा कंटाळा आला. आठ महिने मी हेच धरून बसले. दीपमालाला फोन करून रडले मी, बहिणीपुढं. अन् तुम्ही सांगितलं कोणाला? दैवशालाला."

"तू घाबरशील म्हणून..."

"घाबरले असते. माझा हक्क होता घाबरायचा." तिनं डोळे पुसले नाहीत, पदर नीट केला आणि आत गेली. थोड्या वेळानं शिवणयंत्रावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

बारा दिवस ती कामापुरतं बोलली. तेराव्या दिवशी तिनं सकाळी सांगितलं, "कपडे घाला. जालन्याला चला." डॉक्टरसमोर तीच बसली, तिनंच विचारलं, थेंबं किती वेळा, उजव्या डोळ्याला धोका किती, वजन उचलायचं का. डॉक्टरनं सांगितलेलं तिनं वहीच्या पानावर लिहून घेतलं. परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले आणि भोकरदनपर्यंत ती ते पान पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

दैवशालाचे फोन आले. नागसेननी उचलले नाहीत. दिवाळीत ती घरी आली, फराळाचा डबा घेऊन. बेबीनंदानं डबा घेतला, पाणी दिलं, बस म्हटलं नाही. नागसेन आतल्या खोलीत होते आणि बाहेर आले नाहीत. शेडची एक किल्ली त्यांच्याकडं होती, ती त्यांनी पोरांबरोबर पाठवून दिली. अवजारांची पेटी मात्र परत मागवून घेतली. बाकी सगळं तिथंच राहिलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी बेबीनंदाच म्हणाली, "चला, बघून तरी येऊ. माझी शिडं हायेत तिथं."

दोघं बांधावर जाऊन बसले. ऊन बरं होतं. तिन्ही होड्या पाण्यावर होत्या, वारा वरच्या अंगानं येत होता. पूर्णावर मीना पुढं बसलेली दिसली, नागसेननी मान वळवून वळवून शोधली तेव्हा. त्याच होडीच्या सुकाणूवर दैवशाला होती. वळण नीट घेत होती, घाई करत नव्हती. तिनं बांधावरची दोघं ओळखली आणि हात वर केला.

नागसेननी हात वर केला नाही. तिनं थोडा वेळ धरून ठेवला, मग खाली घेतला आणि सुकाणूवर परत ठेवला.

"चांगली चालवती," बेबीनंदा म्हणाली.

"हां."

"माफ केलं का तिला?"

"न्हाई."

बेबीनंदानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. उन्हामुळं. "मी बी न्हाई केलं," ती म्हणाली. "तुम्हाला."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. ती पाण्याकडं बघत होती. काही म्हणावं असं त्यांना वाटलं, पण जे म्हणायचं होतं ते फेब्रुवारीतच म्हणायचं होतं. ते तिच्याशेजारी बसून राहिले. होड्या एकेक करून काठाला लागल्या, पोरांनी शिडं उतरवली, आणि दोघं उठून धावड्याच्या रस्त्याला लागले.