चाळीसच्या आत

मास्तरांनी चौथ्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत चेंडू सोडला आणि त्याच क्षणी स्टॉपवॉचचं बटण दाबलं. चेंडू तळाला आपटायच्या आत भिंगरी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर होती. पायऱ्यांवर नखांचा खडखडाट झाला, तळाशी क्षणभर थांबला, मग पुन्हा वर वर येत गेला, आणि तोंडात चेंडू धरून ती कुत्री मास्तरांच्या चपलांवर येऊन आदळली.

"चाळीस पूर्णांक दोन!" मास्तर ओरडले.

बायकोने हातात धरलेल्या फोनच्या पडद्यावर मुलगा खुर्चीतून उठलाच.

"काय सांगता! काल बेचाळीस होते ना?"

"वळणावर वेळ खात होती. बाहेरच्या अंगाने यायची. मग प्रत्येक वळणाला बाहेरच्या कोपऱ्यात एक बादली ठेवून दिली. आता झक मारत आतून येते."

"बादली! तुम्ही पण ना, बाबा," मुलगा हसला. "उद्या आपण चाळीस फोडायचे. ऑफिसमधल्या सगळ्यांना सांगून ठेवतो, तेही बघतील. चार वाजता, नक्की!"

फोन बंद झाला तरी मास्तर पडद्याकडे बघत राहिले.

"ऐकलंस? आपण म्हणाला."

"ऐकलं," बायको म्हणाली आणि बादल्या गोळा करायला खाली उतरली.

कुत्री मुलाची. मेंढ्या राखणाऱ्या जातीची, अंगात सतत वारं. परगावी चार दिवसांचं काम निघालं आणि कुत्रे सांभाळणाऱ्याने ऐन वेळी हात वर केले, म्हणून मुलगा एका सकाळी तिला घेऊन आला. खाण्याचं पोतं दारात ठेवलं, सूचनांचा कागद फ्रिजवर चिकटवला आणि चहासुद्धा न घेता गेला. तिसऱ्या दिवशी साथीमुळे सगळं बंद झालं. चार दिवसांचे सात आठवडे झाले. मुलगा तिकडे एका भाड्याच्या खोलीत आणि कुत्री इकडे. तिचं खरं नाव काहीतरी परदेशी होतं, ते म्हणायला मुलाच्या आईची जीभ वळेना. पायाला भिंगरी लावल्यासारखी दिवसभर फिरते म्हणून तिने भिंगरी म्हटलं, आणि कुत्रीनेही ते मुकाट्याने मान्य केलं.

कागदावर पहिलीच सूचना होती, रोज दोन तास पळवणं. आता सरकारचा नियम होता दहा मिनिटांचा, तोही फाटकापासून कोपऱ्यापर्यंत. दोन तास आणि दहा मिनिटं यांच्यातला हिशेब भिंगरीने आपल्या पद्धतीने चुकता केला. एक चप्पल, सोफ्याचा हात, दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा. उरलेला वेळ भुंकणं. दुसऱ्या मजल्यावरचे वकील स्वयंपाकघरात कॅमेऱ्यासमोर काळा कोट घालून खटले चालवायचे. त्यांनी फोन केला. "मास्तर, तुमच्या कुत्रीचं म्हणणं आज न्यायाधीशांनी ऐकून घेतलं. पुन्हा ऐकणार नाहीत."

तेव्हा मास्तरांनी कपाटातून स्टॉपवॉच काढलं. पस्तीस वर्षं शाळेत दुसऱ्यांची पोरं पळवली आणि निवृत्त झाल्यावर सहा वर्षं खुर्चीत बसून पेपर वाचला, असा हा माणूस. लिफ्ट बंद, माणसं घरात कोंडलेली, जिना मोकळा. वकिलांचं कोर्ट चारला उठायचं. चार ते साडेचार जिना भिंगरीचा, असं ठरलं. पहिल्या दिवशी ती कानात वारं शिरलेल्या वासरासारखी वाट फुटेल तिकडे धावली आणि चेंडू तळमजल्यावर विसरून आली. आठवड्याभरात मास्तरांनी तिला शिस्त लावली. भुंकणं थांबलं. सोफ्याचा दुसरा हात वाचला.

आणि मुलाचे फोन सुरू झाले. मास्तरांना त्याचंच अप्रूप. बारा वर्षं मुलगा फोन करायचा तो आईला. "बाबा बरे आहेत ना?" एवढं शेवटी विचारायचा, बाहेर ऊन आहे का विचारावं तसं. आता रोज चार वाजता मास्तरांच्या फोनवर त्याचा चेहरा यायचा, आणि तो विचारायचा, आज किती? मास्तर तीन वाजताच दाढी करून बसायचे. बायकोला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. म्हातारपणी माणूस असा एखाद्या गोष्टीवर जीव टाकायला लागला की तिला बरं वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यापर्यंतच्या फेरीत भिंगरीने मागचा उजवा पाय दोनदा उचलून धरला. मास्तरांनी पाहिलं. कोपऱ्यावर ते खाली बसले, मांडीपासून खाली अंगठा दाबत आले, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला येताच तिने पाय झटक्यात ओढून घेतला. ओरडली नाही. मास्तरांचा हात चाटला.

त्यांना कळलं. पस्तीस वर्षं घोटे आणि गुडघे चाचपलेला हात होता तो, त्याला कळायला डॉक्टर लागत नव्हता. ते उठले, पट्टा हातावर गुंडाळला आणि तिला चालवत घरी आणलं.

बायको ओट्याशी मटार सोलत होती. तिने दारातूनच बघितलं.

"लंगडतेय ती."

"आळस आहे. सकाळची थंडी धरते अंगात."

"अहो, पाय टेकवत नाहीये."

"गरम झाली की सुटेल."

बायकोने हातातली शेंग खाली ठेवली. ती मोठ्याने बोलणारी नव्हती. संसारात जे काही मोठ्याने बोलायचं ते मास्तरच बोलत आले होते.

"आज राहू द्या. सांगा त्याला, पाय दुखतोय तिचा."

"त्याने ऑफिसातल्या लोकांना सांगून ठेवलंय."

"मग काय झालं? लोक उद्या बघतील."

"उद्या तो फोन करेल? तुला करेल. पाय बरा होईपर्यंत तुलाच करत राहील, आणि पुढचं पुढे." मास्तरांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "तुला काय जातं म्हणायला. तुझ्याशी बोलतोच तो."

हे खरं होतं, म्हणून तिने ती शेंग पुन्हा उचलून सोलली. मग म्हणाली, "त्याच्याही गुडघ्यालाच होतं."

मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी पेपर उघडला. पेपर परवाचा होता.

मुलगा सोळा वर्षांचा होता तेव्हा. चारशे मीटर. निवड चाचणीच्या आठ दिवस आधी गुडघा धरला. तो म्हणाला दुखतंय, मास्तर म्हणाले सगळ्यांनाच दुखतं. आईने हळदीचा लेप लावला आणि मूग गिळून गप्प बसली, कारण पळण्यातलं तिला काय कळत होतं? चाचणीत तो पहिला आला. तीनशे मीटरनंतर कसा पळाला ते त्याचं त्याला माहीत. त्यानंतर दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि तो पाय पुरता सरळ कधीच झाला नाही. घरात त्यावर भांडणसुद्धा झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटायचं. मुलगा शिकला, नोकरीला लागला, वेगळं घर केलं, आणि बापाशी बोलण्यासारखं त्याच्यापाशी काही उरलं नाही. या कुत्रीपर्यंत.

पावणेचारला मास्तरांनी भिंगरीला जिन्यात नेलं. तिचा पाय मांडीवर घेऊन दहा मिनिटं हलक्या हाताने चोळला. हात अजून जाणता होता, कुठे दाबायचं आणि कुठे नाही ते त्याला ठाऊक होतं. दोन मजले सावकाश खालीवर केले. ती खरोखरच नीट चालायला लागली. शेपटी हलवत चेंडूकडे बघायला लागली.

"बघ," ते दाराकडे तोंड करून म्हणाले. "सुटला की नाही?"

"मी फोन धरणार नाही," आतून बायको म्हणाली.

मास्तरांनी चपलांच्या कपाटावर फोन टेकवून उभा केला. चार वाजता पडद्यावर मुलगा आला, आणि त्याच्या भोवती छोट्या छोट्या चौकोनांत आणखी आठ-नऊ चेहरे. कोणी कॉफी पीत होतं, एकीच्या मांडीवर मूल होतं.

"हे माझे बाबा," मुलगा त्यांना म्हणाला. "शाळेत खेळाचे शिक्षक होते. यांच्या हाताखाली दगड ठेवला तरी पळेल."

सगळे हसले. मास्तरही हसले. त्यांचे कान लाल झाले होते. मुलाने आपली अशी चारचौघांत ओळख करून दिलेली त्यांना आठवत नव्हती.

"तयार?" मुलाने विचारलं.

मास्तरांनी भिंगरीकडे पाहिलं. ती चेंडूवर डोळे रोवून बसली होती. उजवा पाय जमिनीला टेकलेला होता, पण भार सगळा डाव्यावर. फोनमधून ते दिसत नव्हतं. फोनमधून फक्त तिचं तोंड आणि कान दिसत होते.

"तयार," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चेंडू सोडला.

नखं खडखडत खाली गेली. तळाशी खडखडाट नेहमीपेक्षा थोडा जास्त थांबला. बायको दाराच्या आत उभी राहून ऐकत होती, तिने चौकट घट्ट धरली. मग आवाज वर यायला लागला, कालपेक्षाही वेगात. दुसऱ्या मजल्यावर काहीतरी घसरलं आणि बादली कलंडून गडगडत गेली. मास्तरांनी कठड्यावरून वाकून हाक दिली, "चल! चल! चल!" पोरांना देत तशी, पोटातून. फोनमधले सगळेही ओरडायला लागले. आणि ती आली. शेवटच्या पायऱ्या तीन पायांवर चढून आली आणि चेंडू मास्तरांच्या पायाशी ठेवला.

"एकोणचाळीस पूर्णांक सहा!"

टाळ्या. शिट्या. मुलगा दोन्ही हात वर करून ओरडत होता, लहानपणी ओरडायचा तसा. "बाबा! बाबा, फोडले आपण!"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

भिंगरी बसली नाही. उजवा पाय हवेत धरून ती उभी होती, गुडघ्यापासून खालचा भाग नुसता लोंबत होता. शेपटी मात्र जोरात हलत होती. तिने नाकाने चेंडू मास्तरांकडे ढकलला. त्यासाठी एक पाऊल पुढे टाकायला गेली आणि कुशीवर पडली. धक्क्याने कपाटावरचा फोन तिच्या बाजूला कलला.

टाळ्या थांबल्या. कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. मग चौकोनांतले चेहरे एकेक करून गेले, कोणी निरोपही घेतला नाही, आणि पडद्यावर एकटा मुलगा राहिला.

"बाबा, पाय बघू तिचा."

मास्तरांनी फोन उचलून पायासमोर धरला.

"हे कधीपासून आहे?"

"आत्ताच. वळणावर घसरली, बादली…"

"सकाळी ठीक होती?"

"एकदम ठीक होती."

मुलाने पडद्यात वाकून त्यांच्या मागे पाहिलं. "आई आहे का तिथे?"

बायको दाराबाहेर आली. ती भिंगरीपाशी जमिनीवर बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग फोनकडे पाहिलं.

"आई, सकाळी लंगडत होती का ही?"

मास्तर बायकोकडे बघत होते. आयुष्यात त्यांनी तिच्याकडे फार काही मागितलं नव्हतं, सगळं न मागताच मिळत आलं होतं.

"हो," ती म्हणाली. "यांना मी सांगितलं होतं."

जिन्यात खालून वकिलांच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला आणि पुन्हा लागल्याचा. मुलगा ओरडेल म्हणून मास्तर थांबले होते. ओरडला असता तर त्यांच्याकडे उत्तर होतं, चांगलं-वाईट काहीतरी होतं. पण तो ओरडला नाही. बँकेच्या खिडकीतला माणूस बोलतो तशा आवाजात बोलला.

"बाबा, तुमची चूक नाही. माझी आहे. मला माहीत होतं, तरी तुमच्याकडे ठेवून गेलो."

मास्तरांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं.

"जनावरांच्या डॉक्टरचा नंबर पाठवतो, त्याच्याकडे बाहेर पडायचा पास आहे," मुलगा म्हणाला. "फोन आईकडे द्या."

मास्तरांनी दिला.