घरचा समुपदेशक

सुनेच्या मनावर उपचार कोणी करावेत, हा प्रश्न समुद्रपूरच्या बापूरावांना फार वेळ पडला नाही. सोयरीक जुळवताना करतात तीच चौकशी त्यांनी केली: गाव कोणतं, कूळ कोणतं, मामेकूळ कोणतं. वर्ध्यातले एक समुपदेशक साडूचे पुतणे निघाले. पात्रता सिद्ध झाली. पदवी विचारण्याचा अडाणीपणा बापूरावांनी केला नाही.

समीक्षा बाळंतपणापासून मिटून गेली होती. तिला एकच गोष्ट कोणापाशी तरी बोलायची होती, आणि ती घरात पोचू नये एवढीच तिची अट होती.

समुपदेशकांनी पहिला अर्धा तास नातं उलगडण्यात घालवला. "तुम्ही तं आमच्या वहिनीच लागता. घरचंच समजून बोला." बापूराव बाहेर चहा घेत होते. समीक्षा हळूच म्हणाली, "बाळ रडलं की मले वाटते, दुसऱ्याच कोणाचं रडून राह्यलं."

दोघं घरी परतण्याआधी ते वाक्य घरी पोचलं होतं. समुपदेशकांनी फोनवरून नात्याचं कर्तव्य बजावलं होतं. सासू, प्रमिलाबाई, नातवाला छातीशी धरून दारातच उभ्या होत्या.

"मंग कोणाचं आहे हे? सांग नं."

बापूरावांना यात काहीच वावगं दिसलं नाही. परक्यांपासून लपवतो तो शहाणा, आपल्यांपासून लपवतो तो चोर: एवढ्या एका सूत्रात त्यांचं समग्र नीतिशास्त्र मावत होतं, आणि जागा उरत होती.

समीक्षाने मग स्वतःच दुसऱ्या समुपदेशकाचा शोध घेतला. पहिल्या बाईंनी फोनवरच विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?" तिने फोन ठेवला. दुसऱ्या बाई केरळच्या होत्या, मराठी अडखळत बोलत. या वेळी समीक्षानेच विचारलं, "इकडं तुमचं कोणी आहे का?"

"नाही. नवऱ्याची बदली झाली, म्हणून आले."

"लग्नकार्याले कोणाकडं जाता?"

"अजून कोणी बोलावलं नाही."

समीक्षा कित्येक दिवसांनी हसली आणि तिने वेळ मागून घेतली.

"कोणाची कोण आहे ते बाई?" बापूरावांनी विचारलं.

"कोणाचीच नाई, बाबा."

"मंग तिच्यावर भरवसा कसा ठेवला तू?"

"म्हणूनच ठेवला," ती म्हणाली आणि वर्ध्याची एसटी धरायला एकटीच निघाली. बापूराव त्या बाईंचं आडनाव कोणत्या समाजात बसतं याचा अदमास घेत ओसरीवर बसून राहिले.