पांढऱ्या कोटाची काख

“तुम्ही राहू द्या. ती दुसरी खुर्ची मोकळी होऊ दे, मी थांबतो,” गिऱ्हाईक म्हणालं आणि गालावरच्या फेसासकट उठून बाकावर जाऊन बसलंसुद्धा.

काका हातातला वस्तरा मिटायचंही विसरले. अर्धी दाढी टाकून माणूस उठतो म्हणजे काय! रुसून उठलेलं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं होतं, फोन आला म्हणून पळालेलं पाहिलं होतं, एकदा तर गुदगुल्या होतात म्हणून उठलेलंही पाहिलं होतं. पण आजचं कारण त्यांना न सांगता कळलं. खुर्चीत मान मागे टाकली की माणसाला दिसून दिसून काय दिसणार? छत, पंखा आणि दाढी करणाऱ्याची काख. आणि काकांच्या पांढऱ्या कोटाच्या काखेत बशीएवढा पिवळा डाग होता.

सलूनचा मालक म्हणजे जुन्या मालकाचा मुलगा. पोरगा सरळ. त्याने गर्दी ओसरू दिली आणि मग काकांना मागच्या बेसिनपाशी बोलावलं.

“काका, एक बोलू? राग नका मानू.”

“बोल की. तू मालक.”

“असं नका ना म्हणू.” त्याने मान खाजवली. “उन्हाळा सुरू झाला तेव्हा मी तुम्हाला घामाच्या वासाचं बोललो. तुम्ही मनावर घेतलंत, डिओ मारायला लागलात, वास गेला. पण आता हे डाग! कितवा कोट हा? गिऱ्हाईकाला वाटतं, धुतलेलाच नाही.”

“रोज धुतलेला असतो. घासून घासून हिच्या हाताची सालं निघाली.”

“मला माहीत आहे हो. पण त्यांना कोण सांगणार?” मालक जरा घुटमळला. “उद्या सुट्टी आहे. परवापासून तुम्ही गल्ल्यावर बसा. बसून काम. तुम्हालाही आराम.”

आराम! मरणाला लोक आणखी काय म्हणतात? गल्ल्यावर बसायचं म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी कापलेली डोकी बघत बसायची. एखाद्याचा कल्ला वर-खाली झाला तरी मूग गिळून सुट्टे पैसे मोजायचे.

“परवा एक दिवस दे,” ते म्हणाले. “पांढरा स्वच्छ कोट घालून आलो तर खुर्ची माझी. नाही जमलं तर बसतो तुझ्या गल्ल्यावर.”

“चालेल. आणि वास?”

“त्याची काळजी तू करू नको. घरी रोज तपासणी असते.”

तपासणी म्हणजे काकूंची. काकूंचं नाक म्हणजे साधंसुधं नव्हतं. संध्याकाळी काकांचा कोट धुवायला घेताना त्या तो आधी नाकाशी न्यायच्या आणि दिवसाचा सगळा पाढा वाचायच्या. “आज त्या सिगरेटवाल्या वकिलाची दाढी केलीत ना?” “पावडर बदलली वाटतं मालकाने.” “उद्या तुम्हाला ताप येणार, झोपा लवकर.” आणि ताप यायचाच. शेजारणी नवऱ्यांचे सदरे घेऊन गमतीने त्यांच्याकडे यायच्या. काकू दोघींचे संसार वाचवायच्या आणि एकीला दिवसभर काळजीत पाडायच्या.

मालकाने पहिल्यांदा वासाचं सांगितलं तेव्हा काकांना तोंडात मारल्यासारखं झालं होतं. तेव्हापासून रोज कामावर निघताना ते दारात थांबून खांदा पुढे करायचे. काकू नाक टेकवून म्हणायच्या, “छान. जा.” मगच काकांचा जीव भांड्यात पडायचा. तरी खबरदारी म्हणून ते डिओची अशी फवारणी करायचे की पिकावरही कोणी करणार नाही, आणि ती ओली असतानाच वर कोट चढवायचे. डाग पडायला लागले तशी काकूंनी ब्लीचची बाटली आणली. जितकं ब्लीच घालावं तितका डाग पिवळा होत गेला. शेवटी दोघांनी हात टेकले होते.

त्या संध्याकाळी काका पाय ओढत घराचा जिना चढत होते. पहिल्याच वळणावर आंबट, झोंबरा भपकारा नाकात शिरला. वरची शेजारीण नाकाला रुमाल लावून खाली उतरत होती.

“काका, काय सांडलंय हो तुमच्याकडे? दुपारपासून बसवत नाहीये!”

दार उघडलं तर आत उभं राहवेना. काकू मात्र पलंगाच्या काठावर पाय सोडून बसल्या होत्या. चेहऱ्यावर असा भाव, की गावात काही घडलं तरी यांना पत्ता नाही.

“कसला वास येतोय गं?”

“कसला? काही नाही बाई.”

“अगं, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं!”

“उन्हातून आलात. बसा, पाणी देते,” काकू म्हणाल्या, पण उठल्या मात्र नाहीत. उलट दोन्ही पाय हळूच सरकवून त्यांनी पलंगाखालचं काहीतरी झाकलं. काकांनी वाकून पाहिलं. बादली. बादलीत त्यांचा दुसरा कोट, व्हिनेगरच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला.

“अहो!” काकू ओरडल्या. “उद्या सकाळी दाखवणार होते ना! तुम्हाला कसं कळलं?”

काका हसायला निघाले होते, ते थांबले. काकू थट्टा करत नव्हत्या. लपाछपीत पहिल्याच फेरीत सापडलेल्या पोरीसारखा त्यांचा चेहरा खरोखरच हिरमुसला होता. अख्ख्या इमारतीला ती बादली ठाऊक होती. एकट्या काकूंना वाटत होतं की ती लपली आहे.

“तुला हा वास येत नाहीये,” काका म्हणाले.

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“कधीपासून?”

“हिवाळ्यात ताप आला होता ना मला. तो उतरला, तेव्हापासून.”

“सगळाच गेला?”

“सगळाच. बारीकसासुद्धा नाही.”

काकांच्या डोक्यात आधी राग शिरला. खोटं कशाला बोला, चांगलाच शिरला. “आणि मी रोज दारात खांदा पुढे करून उभा राहायचो! तू नाक लावायचीस, छान म्हणायचीस! आज माणूस अर्धी दाढी टाकून माझ्या खुर्चीतून उठला गं! मी चारचौघांत घाण वास घेऊन हिंडलो असतो, तरी तू मला छान म्हणूनच पाठवलं असतंस!”

“मग काय सांगायचं होतं?” काकूंचाही आवाज चढला आणि लगेच फुटला. “आधी वाटलं, येईल परत. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. मग तुम्ही विचारायला लागलात. इतक्या विश्वासाने खांदा पुढे करायचात, मला सांगवेना. तेवढं एकच तर मला यायचं.”

काकू नाक पुसत म्हणाल्या, “दूध लागलं, कळत नाही. चहा कसला झालाय, कळत नाही. त्याचं काही नाही हो. पण तुम्ही जिन्यात असायचात ना, तेव्हाच मला इथे कळायचं. आता पाठीशी येऊन उभे राहता तरी कळत नाही. रात्री अंधारात हात लावून बघावं लागतं, तुम्ही आहात ना म्हणून.”

काका त्यांच्या शेजारी बसले. पलंग करकरला.

“कोणाला सांगू नका,” काकू हळूच म्हणाल्या. “सगळ्यांना कौतुक आहे माझं. उद्या कीव करतील. ते नको मला.”

“नाही सांगत.”

तेव्हा कुठे काकांचं लक्ष काकूंच्या बोटांकडे गेलं. दहाही बोटं पांढरीफटक, पार सुरकुतलेली.

“हे काय करून घेतलंस?”

“कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या बाईकडे गेले होते सकाळी. ती म्हणाली, वहिनी, ब्लीच घातलंत तिथेच घोळ केलात. हा नुसता घामाचा डाग नव्हे. घाम आणि डिओ, दोन्ही मिळून पडतो. ब्लीचने तो आणखी पिवळा होतो, आणि गरम पाणी न् इस्त्री लागली की जन्माचा बसतो. गार पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून भिजवा म्हणाली. पण आधी ब्लीच पार निघालं पाहिजे. दोन्ही एकत्र आली तर असा विषारी धूर होतो की घसा जळतो.” काकू थांबल्या. “ब्लीचचा वास गेला की मग व्हिनेगर घाला, म्हणाली. आता मला कसं कळणार, गेला की नाही? म्हणून खळबळतच बसले. दुपारपर्यंत पाणी बदलत होते.”

काकांनी ती ओली बोटं आपल्या पंज्यात घेतली. मघाच्या ओरडण्याची त्यांना मनापासून लाज वाटली, आणि ते तसं म्हणालेही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. कोट उलटा करून दोघं मोरीत बसली. काकूंनी खाण्याच्या सोड्यात पाणी कालवून लेप केला. काका जुन्या टूथब्रशने तो काखेच्या शिवणीवर घासू लागले.

“हळू! दाढी नाही करायची त्याची.”

“दाढी मला येते. हेच येत नाही.”

“ते दिसतंच आहे. आणा इकडे.”

डावी काख पहिल्या धुण्यातच स्वच्छ निघाली. उजवी हट्टी होती, साहजिकच होतं, कात्रीचा हात तो. ती पुन्हा भिजवली, पुन्हा घासली, उन्हात वाळत घातली आणि दर थोड्या वेळाने दोघं आळीपाळीने जाऊन बघून आली, जणू आत ऑपरेशन चाललंय. संध्याकाळी काकूंनी कोट खिडकीच्या उजेडात धरला. शिवणीत अगदी पुसट सावली राहिली होती. बाकी सगळं पांढरं.

सकाळी लाँड्रीवाल्या बाईचा दुसरा हुकूम पाळायचा होता. डिओ थोडासाच मारायचा, तो पुरता वाळू द्यायचा, मग बनियन, मग कोट. काका उघड्या अंगाने दोन्ही हात वर करून खोलीच्या मधोमध उभे राहिले. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, घरात दरोडा पडलाय.

काकूंनी बोटांची पाठ त्यांच्या काखेला लावून पाहिली. “ओलं आहे अजून. हात खाली नाही.”

“अगं, गुदगुल्या होतात!”

“होऊ द्या.” काकूंनी फुंकर घातली. काका खिदळले. एवढ्या उजेडात बायकोने अंगाला हात लावल्याला किती काळ लोटला होता, ते त्यांना आठवेना. काकूंनी पुन्हा बोटं लावली. वाळलं होतं, तरी त्या लगेच बाजूला झाल्या नाहीत.

दारात काकांचा खांदा सवयीने पुढे आला. तो पुढे आला आणि दोघांच्याही लक्षात आलं.

“आता मला नका विचारू,” काकू म्हणाल्या. त्यांनी कॉलर तेवढी सारखी केली आणि आत गेल्या.

सलूनमध्ये मालकाने काकांना हात वर करायला लावून कोट दोन्हीकडून पाहिला. “वा, काका! मानलं काकूंना!”

“इकडे ये जरा,” काका म्हणाले आणि त्याला बेसिनपाशी घेऊन गेले. “मला हुंग.”

“काय?”

“हुंग म्हणतोय. आजपासून रोज सकाळी. आणि खरं सांगायचं, भीड धरायची नाही.”

“पण घरी तपासणी असते म्हणालात ना?”

काकांनी बेसिनचा नळ उगाच घट्ट केला. “माझंच नाक गेलंय रे. हिवाळ्यात तापलो होतो ना, त्यात गेलं. मला माझाच वास कळत नाही.”

“अरेरे. बोलला नाहीत कधी!” मालक खरोखर कळवळला. “पण मग काकू आहेत की. त्यांच्या नाकाचं तर एवढं नाव आहे.”

“आहेच मुळी. तिच्यासारखं नाक नाही कोणाचं,” काका ठासून म्हणाले. “पण तिचा काही भरवसा नाही बाबा. तिला माझं सगळंच छान वाटतं.”

मालकाला हसू आलं. मग तो पुढे झाला आणि काकांच्या खांद्याशी वाकला.

“चांगला येतोय.”

“चांगला म्हणजे कसा? नीट सांग.”

“साबणाचा. उन्हात वाळलेल्या कपड्याचा. थोडासा डिओ. आणि व्हिनेगर, पण ते अगदी जवळ आलं तरच.”

“आणि माझा?”

“तुमचा?”

“ह्या सगळ्याच्या खाली. माझा असा काही येतो का?”

मालक गोंधळला, पण त्याने डोळे मिटून पुन्हा श्वास घेतला. ह्या वेळी जरा जास्त वेळ. “येतो,” तो म्हणाला. “लहानपणी तुम्ही माझे केस कापायचात तेव्हा यायचा, तोच. पावडर, कात्रीचं तेल, आणि काहीतरी कोमट. मला भीती वाटायची ना मशीनची. तो वास आला की वाटायचं, आपलं माणूस आहे.”

काकांनी मान हलवली. बाहेर काचेचं दार ढकलून कोणीतरी आत आलं.

“काका, गिऱ्हाईक आलं. तुमच्या खुर्चीवर बसवू?”

“बसव,” काका म्हणाले. पण ते लगेच हलले नाहीत. पावडर, कात्रीचं तेल, काहीतरी कोमट, आपलं माणूस. संध्याकाळी घरी जाऊन तिला जसंच्या तसं सांगायचं होतं, म्हणून त्यांनी ते मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.