पश्चिमेचा व्हरांडा

मी बोलतोय, डोंगरावरच्या एका आलिशान हॉटेलचा नमुना. टेबलावर मावेन एवढाच आहे, पण हसायचं काम नाही! इंग्रजांच्या काळातल्या बंगल्यांसारखी उतरती छपरं, उंच धुराडी, कमानी, आणि पश्चिमेला लांबलचक मोकळा व्हरांडा. काय माझा तोरा होता म्हणून सांगू!

माझा जन्म सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका माडीवर. आर्किटेक्ट वैष्णवीताईंनी मला आखलं, येडूमामा सुतारांनी पातळ लाकडातून घडवलं. ताईंनी स्वतःचं ऑफिस उघडल्यापासूनचं हे पहिलंच मोठं काम, तेही अजून हातात आलेलं नव्हतं. हॉटेलचे मालक उदयसिंह दुपारी चारला मला बघून हो की नाही ते सांगणार होते. पुण्याच्या दोन कंपन्या टपूनच बसलेल्या.

तीन वाजता मामांनी शेवटचा खांब चिकटवला आणि तिथंच घुटमळले.

"ताई, ह्यो व्हरांडा पश्चिमंला कशापायी?"

"संध्याकाळचा वारा तिकडूनच येतो ना, मामा!"

"त्यो सोलापुरात. धा वर्सं तितल्या डोंगरावरच्या बंगल्यांची दारं-खिडक्या दुरुस्त केल्यात म्या. पावसाळ्यात पश्चिमंकडनं आडवी झड येती. पाव्हणं न्हाय, पाणीच बसंल की तितं!"

ताईंचा चेहरा उतरला. जुन्या बंगल्यांचे फोटो त्यांनी ढिगानं पाहिले होते, पण सगळे उन्हाळ्यातले. आम्ही सोलापूरची मंडळी, वारा म्हटलं की भिंत पाडायला तयार! मला मात्र मामांचा असा राग आला. तासाभरानं सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? 'गप्प बसा ताई, काम मिळू द्या, मग बघू,' मी मनातल्या मनात ओरडत होतो.

ताईंनी करवत उचलली. "धरा मामा."

अहो, माझ्या तोऱ्यावरच करवत! खांब कडाकड तुटले. चार वाजता उदयसिंह दारात, आणि माझी एक बाजू उघडीबोडकी.

"मोडकं मॉडेल बघायला बोलावलंत मला?"

"माझी चूक झाली, सर. पावसाची झड पश्चिमेकडून येते. इथं भिंत हवी, व्हरांडा पूर्वेला." ताईंनी करवत खाली ठेवली. "मामांनी दाखवली म्हणून कळली."

उदयसिंहांनी वाकून माझी तुटकी बाजू न्याहाळली. मग मामांकडे वळले. "हे मला अजून कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या जागेवर याल का, मामा? ताईंना घेऊन या."

आता मी बांधकामावरच्या शेडमध्ये असतो. तुटलेल्या बाजूला साध्या पुठ्ठ्याची भिंत, तिच्यावर गोंदाचे ओघळ. गवंडी तीच बघून काम चढवतात. पण कुणी बडे पाहुणे आले की ताई मला हळूच फिरवून ठेवतात.

एवढं नका करू, ताई. त्या बाजूची मला आता लाज वाटत नाही. तुम्हीही वाटून घेऊ नका.